उंची तीच, रुंदी बदलती

चित्रकार ब्रिजेट रायली यांचं ‘मूव्हमेंट इन स्क्वेअर्स’ (१९६१) पाहताना माझं लक्ष आधी त्यातल्या न बदलणाऱ्या गोष्टीकडे जातं. काळ्या-पांढऱ्या चौकोनांची उंची या टोकापासून त्या टोकापर्यंत तीच आहे. बदलते ती फक्त रुंदी. मध्याच्या जरा उजवीकडे चौकोन आक्रसत नुसत्या उभ्या फटी होतात आणि पुढे पुन्हा रुंदावतात. छायाप्रकाश नाही, रंग नाही, तरी सपाट हार्डबोर्डाला खोल घडी पडते.

मी स्वतः अशीच चित्रं करते. बसलं की हात शिवशिवतो. उंचीही थोडी कमी-जास्त करावी, एखादी रेघ वाकवावी असं वाटतं. तिथे हात आवरावाच लागतो, कारण उंची ढळली की डोळ्याला तुलनेसाठी काही उरत नाही. रुंदीही सारख्या मापानं घटवून भागत नाही. खांबाला गुंडाळलेलं चौकड्यांचं कापड बघा: समोर चौकडी जवळजवळ पूर्ण दिसते आणि कडेशी एकदम मिटते. तसा उतार आधी मंद, मग झपाट्यानं हवा.

मग कड. टेपखालून केसभर काळा झिरपला तरी नजर तिथेच अडखळते. म्हणून टेप लावल्यावर तिच्या कडेवरून आधी खालचाच पांढरा फिरवायचा. झिरपलाच तर पांढऱ्यात पांढरा. तो वाळला की काळा, आणि काळा ओला असतानाच टेप ओढायची.

चौकोनांचेच दुसरे चित्रकार जोसेफ आल्बर्स टेप वापरत नसत. १९५० पासून १९७६ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘होमेज टू द स्क्वेअर’ मालिकेची हजारावर चित्रं केली, ट्यूबमधला रंग थेट पॅलेट नाइफनं पसरून. जवळून त्या कडा हलक्याशा थरथरतात. मला त्या फार आवडतात, पण रायलींच्या घडीला त्या चालल्या नसत्या.

१९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ‘द रिस्पॉन्सिव्ह आय’ प्रदर्शन भरलं, त्यात रायलींची चित्रं होती, आणि त्यांच्या नक्षीचे कपडे दुकानांत झळकले. त्यांना ते फार लागलं, आणि लागणारच. त्यांची चित्रं म्हणजे नुसती नजरबंदी नव्हे. १९५९ मध्ये त्यांनी ठिपक्यांनी रंगवणारे चित्रकार जॉर्ज सरा यांच्या ‘कूर्बव्हाचा पूल’ या चित्राची नक्कल रंगवली होती. शेजारचे दोन ठिपके डोळ्यात काय घडवतात, ते त्या तिथे हातानं शिकल्या. पुढे काळ्या-पांढऱ्यात त्यांनी तेच तपासलं. निखळ रंगाकडे त्या १९६७ च्या सुमाराला वळल्या, तेही पट्ट्यांच्या शिस्तीत.