आवाज नाही, हे कसं सांगायचं?

आमच्या शाळेतले एक जुने सहकारी आहेत. मी त्यांना सर म्हणतो, ते मला सर म्हणतात. स्टाफरूममध्ये तीस वर्षं सगळे एकमेकांना हेच म्हणत आलो. ते गणित शिकवायचे, मी मराठी. काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू गेली. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग जिन्याच्या पायऱ्या, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत वर्तमानपत्रसुद्धा. त्यांच्या सूनबाई सकाळी कुकर आणि डबे यांच्या मधल्या वेळात मथळे वाचून दाखवतात. एकदा चिंचवडगावात त्यांच्याकडे बसलो असताना म्हणाले, "सर, ती बिचारी वाचते हो. पण आतली बातमी पण वाच, असं रोज कसं म्हणायचं?"

तेवढ्यावरून मी संगणकाचं मनावर घेतलं.

नातवाचा जुना लॅपटॉप घरात पडून होता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला, आणि विंडोज ११ ला जे हार्डवेअर लागतं ते यात नव्हतं. नातू म्हणाला, "आजोबा, भंगारात द्या." पण कळफलक धडधाकट, पडदा चांगला, भंगारात काय द्यायचं? मला लिनक्सची जुनी सवय आहे, म्हणून त्यावर उबुंटू बसवलं. त्यात ऑर्का नावाचा पडदा-वाचक असतो. २००६ साली तो ग्नोमबरोबर आला. पडद्यावर जे असेल ते तो बोलून दाखवतो. प्रत्यक्ष बोलण्याचं काम ईस्पीक नावाचा दुसरा प्रोग्रॅम करतो आणि त्याला मराठी येतं. पैसे कशाचेच नाहीत. ऑल्ट, विंडोजचं चिन्ह असलेली कळ आणि एस, या तीन कळा एकदम दाबल्या की वाचन सुरू.

दाबल्या. काही नाही. पुन्हा दाबल्या. काही नाही. नंतर लक्षात आलं की त्याच कळांनी वाचन बंदही होतं, म्हणजे पहिल्यांदा सुरू झालेलं मी दुसऱ्यांदा बंद केलं होतं! मला निदान पडद्यावर बघून हे कळलं. सरांना कसं कळलं असतं?

इथेच मी जरा थांबलो. आपल्या संगणकाचा आवाज गेला तर आपल्याला गाणं ऐकू येत नाही, एवढंच. बाकी काम चालू राहतं. दुरुस्ती कशी करायची तेही पडद्यावर वाचता येतं. पण ज्याचा पडदाच आवाजाचा आहे, त्याच्यासाठी आवाज गेला म्हणजे सगळं गेलं, आणि दुरुस्तीची वाटसुद्धा त्याच आवाजातून जाते. म्हणजे विहिरीचा दोर विहिरीतच पडल्यासारखं.

आता लिनक्समधल्या आवाजाची कीर्ती काही फार चांगली नाही, हे वापरणाऱ्यांना माहीत आहे. त्याला इतिहास आहे. लिनक्स जन्मलं १९९१ साली. पुढच्याच वर्षी फिनलंडच्या हन्नू सावोलाइनेन यांनी साउंड ब्लास्टर कार्डासाठी ड्रायव्हर लिहायला घेतला. ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि कार्ड यांच्यामधला दुभाषा. त्यातून जी पद्धत तयार झाली, तिच्यात बऱ्याच कार्डांवर एका वेळी एकच प्रोग्रॅम बोलू शकायचा. दुसऱ्याने तोंड उघडलं की 'जागा रिकामी नाही' असं उत्तर. मग १९९८ साली झेक देशातल्या यारोस्लाव किसेला यांनी 'अल्सा'चं काम सुरू केलं. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ या आवृत्तीत तीच लिनक्सची मुख्य पद्धत झाली. पुढे लेनार्ट पोटरिंग यांचं पल्सऑडिओ आलं, २००७-०८ साली फेडोरा आणि उबुंटूने ते नेहमीसाठी घेतलं, आणि घाईने घेतलं म्हणून लोकांनी भरपूर बोटं मोडली. आता विम टायमन्स यांचं पाइपवायर आहे. फेडोराने ते २०२१ साली घेतलं, उबुंटूने २०२२ साली. एकावर एक असे मजले चढत गेले आहेत. तळमजल्यावर मात्र अजून अल्साच आहे.

तर मी तळमजल्यापासून सुरुवात केली. अल्साचा एक मिक्सर आहे. काळ्या पडद्यावर उभे खांब दिसतात, आणि खांबाच्या पायाशी 'एमएम' किंवा 'ओओ' अशी अक्षरं असतात. एमएम म्हणजे बंद, ओओ म्हणजे उघडं. गंमत म्हणजे अल्सामध्ये पूर्वी सगळे खांब मुळातच बंद असत. नव्या माणसाला वाटायचं कार्ड चालत नाही, आणि कार्ड बिचारं नुसतं गप्प बसवलेलं असायचं. आमच्या लॅपटॉपमध्येही स्पीकर आणि हेडफोन, दोन्ही खांबांखाली एमएम. दोन्ही उघडले. हेडफोनमधून बाई-बुवा कुणाचाच नसलेला तो यांत्रिक आवाज आला, मराठीत! स्पीकर मात्र गप्प.

मला वाटलं, झालं काम. हेडफोन आहे ना. सरांना नेऊन दिला, कळा शिकवल्या. आठवड्याने गेलो तर लॅपटॉप कपाटावर आणि हेडफोन गुंडाळून ठेवलेला.

मी विचारलं तर म्हणाले, "सर, कान झाकले की घर दिसेनासं होतं."

या वाक्यावर मी काय बोलणार? दाराची घंटा, कुकरची शिट्टी, नातीची पावलं, कोण आलं, कोण गेलं, नळाला पाणी आलं की नाही, हे सगळं ते कानांनी बघत होते. मी त्यांना बातम्या दिल्या आणि घर काढून घेतलं.

म्हणजे स्पीकर चालायलाच हवा होता.

इथे माझी बी.ए.ची मराठी अपुरी पडली. पण माझा एक जुना विद्यार्थी भोसरीत वायरिंग हार्नेसच्या युनिटमध्ये आहे. चाकणच्या गाड्यांसाठी तिथे हार्नेस तयार होतात. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, म्हणून तो गुरुवारी आला. त्याला मी वाचून कळलेलं सांगितलं ते असं. २००४ साली इंटेलने संगणकातल्या आवाजासाठी 'एचडी ऑडिओ' ही प्रमाण पद्धत ठरवली. त्यात आवाजाची एक चिप असते, आणि तिला अनेक पिना. कुठल्या पिनेला स्पीकर जोडायचा, कुठल्या पिनेला हेडफोन, हे लॅपटॉप बनवणारा आपापल्या सोयीने ठरवतो. कुठे काय जोडलंय याची यादी त्याने संगणकाच्या बायोसमध्ये लिहून ठेवायची. ड्रायव्हर ती यादी वाचतो आणि तिच्यावर विश्वास ठेवतो. यादी चुकली असली की स्पीकर आहे, तार आहे, चिप आहे, पण आवाज नाही.

तो हसला. म्हणाला, "सर, हे तर आमचंच. कपलर तोच असतो, पण मॉडेलप्रमाणे पिनेवरची वायर बदलते. ड्रॉइंग जुनं लागलं की लाइनवर गाडीचा हॉर्न वाजत नाही. हॉर्न चांगला, वायर चांगली, ड्रॉइंग चुकीचं."

मला दोन दिवस वाचून जे नीट समजलं नव्हतं, ते त्याने एका वाक्यात सांगितलं.

मग त्याने त्याच्या पद्धतीने काम केलं. लिनक्समध्ये 'एचडीए जॅक रीटास्क' नावाचा छोटा प्रोग्रॅम मिळतो. त्यात चिपच्या पिना दिसतात, आणि 'न जोडलेल्या' म्हणून लपवलेल्या पिनाही दाखव असं सांगता येतं. एकेक पीन घ्यायची, तिला 'आतला स्पीकर' म्हणायचं, लावायचं आणि ऐकायचं. घाई नाही, एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल वहीत. यादीत 'न जोडलेली' म्हणून लिहिलेल्या तिसऱ्या पिनेवर लॅपटॉप एकदम मोठ्याने बोलला. सर खुर्चीत दचकले आणि मग खूप वेळ हसत राहिले.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहायलाही बसलो नसतो.

पुढच्या आठवड्यात दोन दिवस सरांचा फोन नाही. मी केला तर इकडचं तिकडचं बोलले. तिसऱ्या दिवशी सूनबाईंनी सांगितलं, "काका, तो बोलत नाहीये. बाबा म्हणतात माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असेल, त्यांना सांगू नको, त्यांनी एवढी मेहनत घेतली."

झालं काय होतं, तर वीज गेली, बॅटरी संपली, आणि लॅपटॉप नव्याने सुरू झाला. आम्ही केलेला बदल तात्पुरता होता. संगणक बंद झाला की पुसला जाणारा. 'सुरू होताना दरवेळी लाव' असं सांगणारं वेगळं बटण त्याच प्रोग्रॅममध्ये होतं, ते दाबायचं राहिलं. चूक माझी. आणि सर दोन दिवस त्या गप्प यंत्रासमोर बसून स्वतःला दोष देत होते.

मला वर्गातली शेवटची बाकं आठवली. गप्प बसणाऱ्या किती मुलांना मी 'येत नाही' असं धरून पुढे गेलो असेन. त्यातल्या काहींना उत्तर येत असेल, काहींना प्रश्नच ऐकू गेला नसेल. ज्याला अडचण सांगता येत नाही तो अडचण स्वतःवर घेतो. पन्नास वर्षांपूर्वी हे कळायला हवं होतं.

मग आम्ही सगळं पुन्हा मांडलं, या वेळी सर एकटे आहेत असं धरून. पिनेचा बदल कायमचा केला. संकेतशब्द न विचारता संगणक थेट आत जाईल अशी सोय केली, कारण संकेतशब्दाची चौकट त्यांना दिसणार नव्हती. ऑर्का आपोआप सुरू होईल असं केलं. आवाज बंद करणाऱ्या कळेवर सरांच्या मिसेसनी स्वतःची एक टिकली चिकटवली, बोटाला लागली की समजायचं ही दाबायची नाही. मग मी मुद्दाम तीनदा लॅपटॉप बंद करून सुरू केला, आणि तिन्ही वेळा डोळे मिटून बसलो. तिन्ही वेळा तो स्वतःहून बोलला.

हे सगळं एका लॅपटॉपपुरतं झालं. पण त्या मॉडेलचे आणखीही लॅपटॉप जगात असणार, आणि त्यांच्यासमोर कुणी कुणी गप्प बसलेलं असणार. त्यासाठी लिनक्समध्ये सोय आहे, आणि मला ती फार आवडली. ड्रायव्हरच्या आत शेकडो ओळींची एक यादी आहे. अमुक ओळखक्रमांकाचा लॅपटॉप दिसला तर बायोसवर विश्वास ठेवू नकोस, तमुक पीन स्पीकरची समज, अशा ओळी. सुसे कंपनीतले ताकाशी इवाई वर्षानुवर्षं हे काम सांभाळत आले आहेत. पण त्यांच्यापुढे जगातला प्रत्येक लॅपटॉप थोडाच आहे? ज्याच्याकडे यंत्र आहे त्याने सांगितलं, तरच ती ओळ लिहिली जाते. 'आवाज येत नाही, काहीतरी करा' एवढं सांगून भागत नाही. अल्साचा एक प्रोग्रॅम चिपची सगळी माहिती गोळा करून देतो, ती जोडायची, कुठली पीन बदलल्यावर काय झालं ते लिहायचं, आणि उलट प्रश्न आला तर पुन्हा बसून तपासायचं. विद्यार्थ्याची वही इथे उपयोगी पडली. इंग्रजी नातवाने तपासून दिलं. पाठवलं आहे. ओळ कधी येईल ते येईल.

मराठी अक्षरं पडद्यावर नीट दिसावीत म्हणून आपल्याकडे पुष्कळ काम झालं. लोहित टंक आले, सी-डॅकची 'बॉस' ही लिनक्सवरची प्रणाली २००७ साली आली. ते करणाऱ्यांचे उपकारच आहेत. पण दिसणं हे अर्धं काम झालं. माझ्यापुरता मी आता एक नियम केला आहे. कुणालाही लिनक्स बसवून देताना रंग, चित्रं, बाकीचे प्रोग्रॅम सगळं नंतर. आधी तो विनासायास बोलतो का, आणि वीज जाऊन आल्यावरही बोलतो का, ते डोळे मिटून बघायचं.

असो. परवा सरांचा फोन आला. आता ते वाचनाचा वेग इतका वाढवून ऐकतात की मला एक शब्द कळत नाही. आवाजात तक्रार होती. "सर, तुमचं हे यंत्र चाकण नीट म्हणत नाही हो. चिखलीतला च चाकणला लावतं."

मी म्हटलं, सर, आपल्या लिपीत दोन्ही च एकसारखेच लिहितात, यंत्राला अंदाज करावा लागतो. पोरांनाही आपण ते ऐकवूनच शिकवलं.

"ते ठीक आहे," सर म्हणाले, "पण हे कळवायचं कुठे ते सांगा. मी शब्दांची यादी करायला घेतली आहे."