जाता जाईना

पॉलिप्टोटॉन हे नाव वर्गात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते तापावरच्या गोळीचं वाटलं. शब्द ग्रीक आहे. अर्थ साधारण 'अनेक विभक्त्यांचं'. एकच शब्द पुन्हा आणायचा, पण रूप बदलून. शाळेत आपण अनुप्रास, यमक, श्लेष पाठ केले. त्या यादीत हा नव्हता. वस्तू मात्र घरचीच आहे. आमच्या शेजारी संध्याकाळी रामरक्षा म्हणतात. तिच्यातल्या एका श्लोकात 'राम' प्रथमेपासून संबोधनापर्यंत आठही विभक्त्यांतून फिरतो. खरं तर तो व्याकरणाचा तक्ताच, पण ऐकताना प्रार्थनाच वाटते.

बोलण्यात तर हे पावलोपावली सापडतं (हा शब्दही त्यातलाच!). 'काट्याने काटा काढतात' यात पहिला काटा आपल्या बाजूचा, दुसरा शत्रू. फरक केला तो फक्त 'ने' या प्रत्ययाने. 'चोराच्या वाटा चोराला ठाऊक' म्हणताना दुसऱ्या चोराच्या जागी 'तस्कर' घालून बघा. म्हण मेलीच.

आमच्या प्रार्थनांत 'युगानुयुग' आहे, 'राजांचा राजा' आहे. सगळ्यांत श्रेष्ठ असं सांगायला हिब्रू भाषा तेच नाम एकवचनात आणि अनेकवचनात शेजारी ठेवते. जुन्या करारातल्या एका पुस्तकाचं हिब्रू नाव असंच आहे, गीतांचं गीत. मराठी बायबलात ते 'गीतरत्न' झालं. नाव देखणं आहे, पण मला त्यात थोडं सोनाराचं दुकान दिसतं.

हे सगळं परीक्षेपुरतंच राहिलं असतं. पण आजोबांच्या महिन्याच्या मिस्सेसाठी चार ओळी लिहायच्या होत्या, आणि मी आजीचं एक वाक्य जसंच्या तसं घेतलं: "जाणारा गेला बघ, पण घरातनं जाता जाईना."

मजकूर तपासणाऱ्या एका ज्येष्ठांनी त्याखाली रेघ मारली. जाणे, जाणे, किती वेळा? त्यांनी सुचवलं, 'ते प्रभूघरी गेले, परंतु त्यांची स्मृती चिरंतन आहे.' भाषा शुद्ध होती, हेतूही चांगला होता. पण ते वाक्य कोणाच्याही आजोबांना चाललं असतं. आजीच्या वाक्यात एकच क्रियापद चार रूपांतून जातं. 'जाणारा' म्हणजे माणूस, 'गेला' म्हणजे झालेली गोष्ट, आणि 'जाता जाईना' म्हणजे दारामागची काठी, उशाशी ठेवलेला रोझरी, सकाळी चुकून ओतलेला दुसरा कप चहा. 'स्मृती' म्हटलं की हे सगळं फ्रेममध्ये जाऊन बसतं. 'जाता जाईना'मध्ये ते अजून घरभर फिरतंय.

मी वाक्य बदललं नाही. 'चिरंतन' त्यांच्या समाधानासाठी दुसऱ्या ओळीत घातलं. मिस्सेत ते वाचलं तेव्हा आजी पहिल्याच बाकावर होती. तिला त्यात काही विशेष वाटल्याचं दिसलं नाही. रोजचंच बोलणं तिचं.