ग्रहण आणि आपलं बंद दार



१६ फेब्रुवारी १९८० ची दुपार. सूर्याला ग्रहण लागलेलं. दिवस गेलेली माझी काकू अंधाऱ्या खोलीत निजून होती. तिनं पाणी मागितलं. कुणी दिलं नाही. मी दहा वर्षांचा पोर, मीही उठलो नाही. ते आजही मनाला टोचतं.

पुढं कृषी पदवीधर झालो, वाचन वाढलं, तेव्हा कळलं. २२ जानेवारी १८९८ चं सूर्यग्रहण पाहायला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आणि पुण्याचे कावसजी नेगमवाला आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला आले होते. परमुलखातली माणसं आपल्या शिवारात दुर्बिणी मांडतात, अन् आपण दारं लावून बसतो!

चंद्र सूर्याच्या आड येतो, एवढंच ग्रहण. सूर्य पुरता झाकला तर खग्रास. चंद्र लांब असला की लहान दिसतो. कडेनं बांगडी उरते, ते कंकणाकृती. थोडाच भाग झाकला तर खंडग्रास.

२६ डिसेंबर २०१९ ला दक्षिणेत कंकणाकृती होतं, आपल्याकडे खंडग्रास. गरोदर सूनबाई न्याहारी करून अंगणात आली. मी पिठाची चाळणी उन्हात धरली. जमिनीवर सूर्याच्या कोरीच कोरी उमटल्या. काकू बघतच राहिली. म्हणाली, "मला तेव्हा कुणी सांगितलं नाही रे."

मंडळी, ग्रहणात सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नका. पण लेकीसुनांना तहानलेलंही ठेवू नका.