यवतमाळचं पाणी आणि ब्लेडची परीक्षा

नवीन ब्लेडबद्दल ऑफिसातल्या एका मित्राला विचारा. तो म्हणेल, 'एकदम बेस्ट, डोळे मिटून घे.' शेजारच्या डेस्कवर विचारा. 'सोलून निघशील, नादी लागू नकोस!' ब्लेड तेच, पाकीट तेच. मग खरं कोणाचं? दोघांचंही. चहा पावडरीसारखंच आहे हे, एकाला मानवते, दुसऱ्याला नाही. आणि चहासारखाच इथेही अर्धा खेळ पाण्याचा. पटत नसेल तर गाव बदलून बघा. माझी शिफारस: यवतमाळ.

कसं जायचं?

पुण्या-मुंबईहून सोपा मार्ग म्हणजे विमानानं नागपूर आणि तिथून वर्धा, कळंब करत साधारण दीडशे किलोमीटरचा रस्ता. रेल्वेनं जायचं तर मुंबई-हावडा मार्गावर धामणगावला उतरायचं, पुढे बस. मूर्तिजापूरहून यवतमाळला येणारी नॅरो गेजची 'शकुंतला' ही एकेकाळी या शहराची हक्काची गाडी. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर धावली. आता ती बंद आहे. नव्या वर्धा-यवतमाळ-नांदेड ब्रॉडगेज मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा मात्र फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला.

दिवाळीच्या सुमारास गेलात तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचणीला आलेली कपाशी दिसेल. मेमध्ये गेलात तर नुसती तापलेली काळी माती. मी मेमध्ये गेलो. कामच तसं होतं, काय करणार!

आता विमानानं जाणाऱ्या सेफ्टी रेझरवाल्यांची एक पंचाईत. सुटं ब्लेड केबिन बॅगेत चालत नाही. म्हणजे रेझर बॅगेत, ब्लेड घरी. पण घाबरू नका. दत्त चौकाच्या आसपास कुठल्याही जनरल स्टोअर्समध्ये शिरा, काउंटरमागे ब्लेडची पाकिटं लटकलेली असतातच. बाबांच्या काळापासून ऐकलेली नावं, टोपाझ, सेव्हन ओ'क्लॉक वगैरे, आणि कधी न ऐकलेलीही. मी घरी वापरतो तेच घेतलं. रेझर तोच, क्रीम तेच, ब्लेडही तेच. बदललं फक्त गाव.

पहिली सकाळ: आग आग

लॉजच्या नळाला बोअरचं पाणी. क्रीम लावलं, ब्रश फिरवला, पण फेस काही धरेना. जो आला तो पातळ, आणि गालावरून हनुवटीपर्यंत पोचेतो वाळलेला. रेझर ठेवला तर केस ओढल्यासारखं वाटलं. गळ्यावर दोन ठिकाणी रक्ताचे ठिपके, आणि दहाच्या मीटिंगला मी लालबुंद.

अशा वेळी कोणालाही पहिला संशय येतो तो ब्लेडवर. नकली माल तर नाही ना? संध्याकाळी जवळच्या सलूनमध्ये केस कापायला बसलो तेव्हा खुर्चीमागच्या दादांना तसं विचारलंही. त्यांनी गळ्याकडे एक नजर टाकली आणि वऱ्हाडीत निकाल दिला, 'ब्लेडले काऊन नावं ठेवता भाऊ? पहिले पाणी तर पाहा.'

सलूनवाल्याचं मत मी गंभीरपणे घेतो. त्याला कारण आहे. कागदात गुंडाळलेलं ब्लेड तो मधोमध मोडतो, अर्धं वस्तऱ्यात बसवतो आणि प्रत्येक गिऱ्हाईकाला नवं अर्धं वापरतो. रक्तातून पसरणाऱ्या आजारांमुळे ते तसंच असायला हवं, आणि नसेल तर आपण सांगून बदलून घ्यायला हवं. पण गंमत बघा. दिवसभर त्याचा हात तोच, ब्लेडची कंपनी तीच, पाणी तेच. बदलतो तो फक्त चेहरा. म्हणून कुठलं ब्लेड कुठल्या दाढीला चालतं हे त्याला पटकन कळतं. आपल्याकडे चेहरा एकच. मग आपण एका वेळी दुसरी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं.

शाळेतलं दुष्फेन पाणी आठवतं?

सातवी-आठवीच्या विज्ञानात 'सुफेन' आणि 'दुष्फेन' पाणी होतं. मार्कांपुरतं पाठ केलं आणि सोडून दिलं. तेच हे. पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले की ते साबणाला धरतात. फेस होण्याऐवजी चिकट पांढरा साका होतो. तोच साका आंघोळीच्या बादलीला कडेनं बसतो. फेस नाही म्हणजे केस नीट भिजत नाही आणि ब्लेडखाली वंगणही राहत नाही. मग जगातलं सर्वांत भारी ब्लेड आणा, ते ओढणारच.

यवतमाळ जिल्ह्यात पाण्याचे नखरे बरेच. वणी, मारेगाव, झरी जामणीच्या पट्ट्यात जमिनीत चुनखडक आहे, मुकुटबनचा सिमेंट कारखाना त्यावरच उभा आहे. पांढरकवडा, झरी भागातल्या कित्येक गावांच्या भूजलात फ्लोराईड जास्त. त्याचा दाढीशी संबंध नाही, पण दातांशी आणि हाडांशी आहे. आपल्याला दोन दिवस फेस आला नाही एवढंच, तिथल्या लोकांना तेच पाणी प्यावं लागतं. यवतमाळ शहराची तहान निळोणा आणि चापडोह या दोन धरणांवर भागत आली. २०१८ च्या उन्हाळ्यात ती आटली तेव्हा शहरानं टँकरमागे धावून दिवस काढले. त्यामुळे इथे नळ सोडून दाढी करणं म्हणजे शुद्ध उर्मटपणा. एक मग पाणी पुरे होतं. खरंच होतं!

दुसरी सकाळ: कॅनचं पाणी

दुसऱ्या दिवशी तेच ब्लेड, तोच रेझर, तोच हात. फक्त पाणी आरओच्या कॅनमधलं, मगभर. फेस दाट आला, टिकलाही. रेझर सरकला तो पुण्यासारखा. गळा शांत.

झालं सिद्ध? अजून नाही. पुष्कळांचा अनुभव असा की नवं ब्लेड पहिल्या दाढीला जरा रागीट असतं आणि दुसऱ्या दाढीला माणसाळतं. म्हणजे श्रेय पाण्याचं की ब्लेड माणसाळण्याचं? हे सुटायला तिसरी दाढी हवी.

तोवर मोकळा वेळ होता म्हणून कळंब गाठलं. इथलं चिंतामणीचं देऊळ जमिनीच्या खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. बाहेर पारा ४५ कडे झुकलेला आणि खाली गारवा. देवळात कुंड आहे. साधारण बारा वर्षांनी त्याचं पाणी आपोआप वर चढतं आणि तेव्हा ते बघायला गर्दी लोटते, असं गावकरी सांगतात. या जिल्ह्यात पाण्याला देवाचा दर्जा आहे तो उगाच नाही.

तिसरी सकाळ: निकाल

तिसऱ्या दिवशी पहाटे टिपेश्वरच्या जंगलात जायचं होतं. पांढरकवड्याजवळचं हे अभयारण्य जेमतेम दीडशे चौरस किलोमीटरचं, पण वाघांसाठी नाव कमावलेलं. निघण्याआधी मुद्दाम पुन्हा बोअरच्या पाण्यानं दाढी केली. ब्लेड तेच. आणि पुन्हा तीच ओढाओढ! म्हणजे ब्लेड निर्दोष, गुन्हेगार पाणी. वाघ दिसला नाही, पण निकाल हातात घेऊन परतलो. (मेमध्ये दुपारच्या सफारीचा हट्ट धरू नका. घामानं भिजलेल्या ताज्या दाढीला जे झोंबतं त्याला तोड नाही.)

मग ब्लेड ओळखायचं कसं?

पहिला नियम: एका दाढीवर फैसला नको. त्याच पाकिटातली निदान दोन ब्लेडं, प्रत्येकी तीन दाढ्या. या काळात रेझर, क्रीम, पाणी काही बदलायचं नाही.

दुसरा: तीन वेळा तपासा. दाढी करताना केस कापला जातोय की ओढला जातोय? संपल्यावर ओली तुरटी फिरवा. जिथे झोंबेल तिथे कातडी सोलली गेली आहे. तुरटी खोटं बोलत नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आरसा बघा. गळ्यावर लाल पुळ्या आल्यात का?

तिसरा: त्रास कुठे होतोय ते बघा. सगळीकडे सारखीच ओढाओढ असेल तर आधी पाणी आणि फेस तपासा. फक्त जबड्याच्या कडेला किंवा गळ्यावर होत असेल तर बहुधा हात जड पडतोय किंवा कोन चुकतोय. रेझर साधारण तीस अंशांत धरा आणि त्याच्या वजनानंच चालू द्या, दाबू नका. हे दोन्ही ठीक असूनही तिन्ही दाढ्यांना ओढत असेल, तर मात्र ते ब्लेड तुमचं नाही. दाट, राठ दाढीला जास्त धारदार ब्लेड लागतं. विरळ दाढीला आणि नाजूक कातडीला तेच ब्लेड बोचू शकतं.

केस कुरळे असतील आणि पुळ्या नेहमीच येत असतील तर ब्लेड बदलत बसण्यापेक्षा उलटा हात बंद करा. केसाच्या दिशेनं एकदाच फिरवा. थोडी खुंटं राहिली तर राहू द्या, बॉसचं लक्ष तुमच्या प्रेझेंटेशनकडे असतं.

आता कोणी विचारेल, इतक्या मऊ केसानं स्टीलची धार जाते तरी कशी? हाच प्रश्न अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांना पडला होता. २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्यांनी उत्तर दिलं. स्टील केसापेक्षा सुमारे पन्नासपट कठीण. पण केस वाकून तिरका लागला आणि नेमकं त्याच जागी स्टील आतून एकसारखं नसलं, तर धारेचा बारीक टवका उडतो. म्हणून तर एकाच पाकिटातली दोन ब्लेडं तपासायला सांगतोय. आणि केस दोन-तीन मिनिटं कोमट पाण्यानं भिजवायला आळस करू नका. भिजलेला केस कापायला जोर कमी लागतो. मेमधल्या यवतमाळात त्यासाठी गीझरचीही गरज नाही. दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी चहाला चालेल इतकं तापलेलं असतं!

बॅगेत काय ठेवाल?

- रेझर आणि क्रीम घरचंच. ब्लेड तिथे विकत घ्या, शक्यतो रोजच्याच कंपनीचं. परक्या गावात नवं ब्लेड आणि नवं पाणी एकदम नको.
- एक छोटी पारदर्शक बाटली. अर्धी भरा, साबणाचा चिमूटभर कीस टाकून हलवा. फेस टिकला तर नळाचं पाणी चालेल. दुधाळ साका झाला तर दाढीपुरतं कॅनचं पाणी मागा.
- कॅन नसेल तर पाणी उकळून निवू द्या. जडपणा सगळा नाही, पण बराचसा कमी होतो.
- तुरटीचा खडा. गढूळ पाण्यात फिरवला तर गाळ खाली बसतो, जडपणा मात्र जात नाही.
- वापरलेलं ब्लेड लॉजच्या कचऱ्यात सुटं टाकू नका. कागदात गुंडाळा, नाहीतर रिकाम्या डबीत साठवा. सकाळी तो डबा कोणीतरी हातानं उपसणार असतं.