मारहाण आणि हाणामारी

साकीनाक्याला खैरानी रोडच्या मागच्या वस्तीत, एका बुद्धविहारात आम्ही संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. इंग्रजीची भीती जावी म्हणून तिथे रोज इंग्रजी पेपरातली एक बातमी मोठ्याने वाचायची, असा नियम आहे. परवा अकरावीतली एक मुलगी क्रीडापानावरच्या मथळ्यापाशी अडली. दोन संघ म्हणे 'ड्यूक इट आउट' करणार होते. मागून लगेच एकाने उत्तर दिले, "अगं, ड्यूक म्हणजे बाईक!" त्याचा काही दोष नाही. आमच्याकडे ड्यूक म्हणजे रात्री अकराला गल्लीतून कान फोडत जाणारी मोटारसायकलच.

ड्यूक म्हणजे मुठी. हा बोलीतला शब्द आहे, आणि 'ड्यूक इट आउट' म्हणजे मुठी वळून समोरासमोर लढून काय तो निकाल लावणे. ड्यूकच्या मुठी कशा झाल्या यावर जाणकारांचे एकमत नाही. कोणी लंडनच्या यमक जुळवणाऱ्या बोलीकडे बोट दाखवतात, कोणी ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या मोठ्या नाकाकडे. खंडाळ्याजवळच्या नागफणीला ज्याच्या नाकावरून ड्यूक्स नोज म्हणतात, तोच हा वेलिंग्टन. मुलांना ही गोष्ट फार आवडली. मग आम्ही विचारले, मराठीत याला काय म्हणाल? उत्तरे धडाधड आली. दोन हात करणे. भिडणे. राडा. मॅटर. फाईट. गुद्दागुद्दी. हाणामारी. फळा भरला.

त्या फळ्याकडे बघताना आमच्या लक्षात आले की एक शब्द कोणीच सांगितला नव्हता. मारहाण.

मराठी भाषा इथे फार नेमकी आहे. मारामारी, गुद्दागुद्दी, हाणामारी या शब्दांची घडणच अशी आहे की त्यात दोन्ही बाजूंचे हात चालतात. मी मारले, तूही मारलेस. मारहाणीत तसे नाही. तिथे एक मारतो आणि दुसरा मार खातो. मारणे आणि हाणणे हे दोनच धातू, पण त्यांची जागा बदलली की मार खाणारा माणूस एका क्षणात मारणारा होऊन जातो. जागा कोण बदलतो, हा आमचा प्रश्न आहे.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, जयंतीच्या दोन दिवस आधी, एक पोरगा गल्लीत निळ्या पताका बांधत होता. वय एकोणीस, गाळ्यात मशीनवर काम करणारा. समोरच्यांनी सांगितले, आमच्या दारावरून दोरी न्यायची नाही. हा म्हणाला, गणपतीची जाते तेव्हा चालते. एवढ्यावरून पाच जणांनी त्याला जातीवरून शिव्या देत पाइपने मारले. डोक्याला सात टाके पडले.

त्याला घेऊन आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. कुठल्या, ते इथे लिहीत नाही, कारण बहुतेक ठिकाणी हेच होते. डायरीत पहिली ओळ लिहिली गेली ती अशी: पताका लावण्याच्या वादातून दोन गटांत हाणामारी. आम्ही हरकत घेतली. समोरचा अंमलदार शांतपणे म्हणाला, "तुमचा मुलगाच बोलतोय ना, त्यानेपण मारलं म्हणून."

आणि तो खरेच तसे बोलला होता. गल्लीतली पोरे बाहेर उभी होती, आई शेजारी बसली होती, आणि डोक्याला पट्टी बांधलेला हा पोरगा सांगत होता, "मीपण दोन ठेवून दिल्या." ठेवल्या नव्हत्या. ते आम्हाला त्याने नंतर, गच्चीवर, मान खाली घालून सांगितले. पाच जणांनी मारले आणि आपल्याला हातही उचलता आला नाही, हे एकोणिसाव्या वर्षी चारचौघांत बोलणे सोपे नसते. त्याने आपली लाज झाकली. त्या वाक्यावर दुसऱ्या दिवशी समोरच्यांची क्रॉस कम्प्लेंट उभी राहिली. मग नेहमीचा सल्ला आला: आपसात मिटवा, नाहीतर दोघांवर केस होईल, पोराचे पुढचे आयुष्य बरबाद होईल. आईचे हात थरथरत होते. ती सही करायला तयार झाली होती.

कायद्याला हा फरक कळत नाही, असे नाही. सार्वजनिक जागी दोन किंवा अधिक माणसांनी आपसात लढून शांतता बिघडवली, तर त्याला भारतीय न्याय संहितेत वेगळे कलम आहे, १९४. शिक्षा महिनाभराची कैद, किंवा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पण त्यासाठी लढणारे दोन्हीकडे असावे लागतात; नुसता मार खाणारा त्यात बसत नाही. उलट १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यात २०१८ च्या दुरुस्तीने कलम १८ अ आले. त्यानुसार गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. हाणामारी लिहिले की पहिली वाट, मारहाण आणि जातिवाचक शिवीगाळ लिहिली की दुसरी.

समाजशास्त्रात एम.ए. करताना आम्ही संघर्षाचे सिद्धान्त घोकले. त्या पुस्तकांतही नेहमी दोन गट असत, आमनेसामने. परीक्षेत मार्क चांगले मिळाले.

१९७४ चा जानेवारी बघा. वरळीच्या बीडीडी चाळींत पँथरच्या सभेनंतर जे सुरू झाले, त्याची इतिहासात नोंद 'वरळीची दंगल' अशी आहे. दंगल म्हणजे पुन्हा दोन बाजू आल्या. १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव मारले गेले, ते वरून टाकलेल्या दगडाने. ते कोणाशी दोन हात करत होते? त्यांच्या मुठीसमोर कोण उभे होते? ज्याचा चेहराही दिसत नाही, त्याच्याशी ड्यूक इट आउट कसे करायचे?

यावर आमचे काही मित्र चिडतील. म्हणतील, तुम्ही आम्हाला कायम मार खाणारे ठरवता. पँथरने राडा केला म्हणून तर वस्त्यांत मान ताठ झाली. हे अर्धे खरे आहे, आणि आम्हीही त्याच अभिमानावर वाढलो. त्या रात्री आमच्या कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर पहिला मेसेज पडला तो 'आपली पोरं भिडली' असाच होता. तो आमच्यापैकीच एकाने टाकला होता. उद्या तो स्क्रीनशॉट समोरच्या वकिलाच्या हातात पडला तर?

बाबासाहेबांच्या 'ॲजिटेट'चे मराठीत 'संघर्ष करा' झाले आणि आमच्या गल्लीत त्या संघर्षाचा अर्थ भिडणे असा झाला. पण महाडला काय घडले होते? २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठवून जेवायला बसलेल्या माणसांवर हल्ला झाला. आपल्या लोकांत लष्करातून आलेले गडी होते, हात शिवशिवत होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. पुढे हल्लेखोरांवर खटला चालला आणि काहींना सक्तमजुरी झाली. त्या दिवशी आपल्या लोकांनी दोन हात केले असते, तर महाडची नोंदही दंगल म्हणूनच झाली असती, असे आम्हाला वाटते. इतकेच नव्हे, आधी कोणी मारले यावर आजही वाद घातला गेला असता.

त्या पोराच्या आईने शेवटी सही केली नाही. तिसऱ्या दिवशी सहायक पोलीस आयुक्तांकडे अर्ज दिल्यावर ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला. क्रॉस केसही उभी आहे. आम्ही पुरवणी जबाब दिला. त्यात त्याने खरे काय ते सांगितले. समोरचा वकील अर्थातच पहिलाच जबाब वाचून दाखवणार.

अभ्यासिकेतल्या त्या मुलीने वही मिटता मिटता विचारले, "सर, मारहाणीला इंग्रजीत इडियम नाही का?" आहे, म्हणालो. 'गँग अप ऑन', अनेकांनी मिळून एकावर तुटून पडणे. तिने ते लिहून घेतले. ती त्याच पोराची बहीण आहे. पुढच्या तारखेला ती आमच्याबरोबर कोर्टात येणार आहे.