गार ती गार

वखराची पास कशाला लागली, ते आजा नुसत्या आवाजावरून सांगायचा. मुरमाला लागली की खरखर, काळ्या धोंड्याला लागली की ठस्स, आणि गारेला लागली की कण्ण. "गार हाय. उचल आन् टाक बांधावर, बैलाच्या खुरात घुसंल." मी उचलायचो, पण बांधावर टाकायच्या आधी चड्डीला पुसून उन्हासमोर धरायचो. तेवढ्यात वखर चार पावलं पुढे गेलेलं असायचं.

परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या आमच्या शेताला गारांची काही कमी नाही. आज पाटीभर वेचाव्यात, तर पुढच्या उन्हाळ्यात तेवढ्याच हजर. काळी माती उन्हात भेगाळते, पावसात फुगते आणि दरवर्षी खालचं काही ना काही वर ढकलत राहते. यातली एक गार माझ्या टेबलावर आहे. मूठभर आकाराची, बाहेरून मळकट, खरूज झाल्यासारखी. मात्र एका अंगाने फुटलेली आहे आणि तिथे तिचं सगळं बिंग बाहेर पडलंय: आधी मधाच्या रंगाचा पट्टा, मग दुधी, मग पुन्हा मध, केसाएवढ्या बारीक रेघा, आणि अगदी आत खडीसाखरेसारखे स्फटिक. त्यांच्या मधल्या पोकळीत काळ्या मातीचा एक कण अडकलाय. तो मी कधी काढला नाही.

मराठीने मात्र या बिचारीला कधी बरं म्हटलं नाही. हिरा तो हिरा, गार ती गार, असं एकदा म्हणून टाकलं की पुढे बोलणंच खुंटतं. त्यात आभाळातून पडते तीही गारच. 2014च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात जी गारपीट झाली, तिच्यानंतर आमच्याकडे हा शब्द कुणी सहज उच्चारत नाही. ती गार तासाभरात विरघळते आणि जाताना वर्ष घेऊन जाते. वावरातली गार काहीच नेत नाही, आणि विरघळतही नाही.

का विरघळत नाही, ते मला फार उशिरा कळलं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर पसरले. थंड होताना त्यात वाफेचे आणि वायूंचे बुडबुडे अडकून राहिले, भाकरीत राहावेत तसे. पुढे खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने विरघळलेली सिलिका त्या पोकळ्यांत आणून सोडली. एक थर, मग दुसरा, कधी त्यात लोहाचा अंश, कधी नाही. अशी पोकळी भरत आली की अकीक, म्हणजे माझ्या टेबलावरची पट्ट्यापट्ट्यांची गार, तयार होते. पुढे भोवतालचा काळा पाषाण ऊन-पावसाने कुजला आणि त्याची माती झाली. सिलिका कुजली नाही. म्हणजे ज्याला आपण काळी आई म्हणतो ती कुजलेला दगड, आणि गार म्हणजे त्याच दगडातलं न कुजलेलं. कापूस आणि गार एकाच पोटचे.

हे माझं शेतकरी मनाचं कौतुक समजून मी सोडून दिलं असतं. पण पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या समुद्रप्रवासाच्या टिपणात नेमकी हीच जोडी भेटली. त्यात म्हटलंय की पैठणहून अकीकाच्या जातीचे दगड मोठ्या प्रमाणात भडोचच्या बंदराला येतात, आणि तगर म्हणजे आपल्या तेरहून कापड. दोन्ही माल गाड्यांतून, रस्ते नसलेल्या मुलखातून. पैठणपासून भडोच वीस दिवसांच्या वाटेवर, असंही त्याने नोंदवलंय. पैठणखालून वाहत आलेली गोदावरी आमच्याच तालुक्यातून पुढे जाते. तेव्हा ज्याच्या गाडीला ते दगड असतील, त्याचा बैलही एखाद्या गारेवर लंगडला असेलच की. पुढे रोममध्ये त्याच थराथरांच्या दगडांवर राजांचे मुखडे कोरले जायचे, वरचा पांढरा पट्टा चेहऱ्याला आणि खालचा तपकिरी पाठीला.

तेरच्या संग्रहालयात या दगडांचे मणी काचेआड मांडलेत. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो ते रंगासाठी नाही, भोकासाठी. एवढ्या कठीण दगडाला इतकं बारीक भोक पाडलं कशाने? खंबायतचे कारागीर हे काम परंपरेने कामठ्याने फिरवलेल्या सळईने करत आलेत आणि त्या सळईच्या टोकाला हिऱ्याचे कण बसवलेले असतात. म्हणजे हिरा तिथे गारेच्या घरी मजुरीला. त्याआधी दगड मंद आचेत भाजतात, तेव्हा आतल्या लोहाला गंज चढावा तसा तांबूस रंग चढतो. म्हण करणाऱ्याने हे पाहिलं असतं तर जरा बेताने बोलला असता.

हिऱ्याशी आमच्या घराचा संबंध आला तो सारा भरण्यापुरता. 1948पर्यंत परभणी निजामाच्या राज्यात. त्या निजामाकडे, मीर उस्मान अली खानाकडे, 184.75 कॅरटचा जेकब हिरा होता. तीन तोळ्यांहून थोडा जास्तच. तो बापाच्या जोड्यात सापडला असं सांगतात, आणि हा गडी तो कागद उडू नयेत म्हणून ठेवायचा. हिऱ्यांसाठी गाजलेला गोवळकोंडा ज्याच्या राज्यात, त्याच्याकडचा हा हिरा होता मात्र आफ्रिकेचा. भारत सरकारने 1995 साली निजामाचे जडजवाहीर 218 कोटींना घेतले, त्यात तोही आला. आता रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत असतो. आमच्या आजीकडेही एक गार होती, दुधाच्या पातेल्यावरच्या झाकणावर, मांजराच्या भीतीने. काम दोघांचं एकच. आजीच्या गारेला पहारा लागला नाही, एवढाच फरक.

रत्नं आली कुठून, याचं उत्तर गरुडपुराणाकडे तयार आहे: बल नावाच्या असुराच्या देहातून. हाडांचे हिरे, रक्ताची माणकं, पित्ताचा पाचू, डोळ्यांचे नीलम. वराहमिहिराने सहाव्या शतकात हे मत दिलं, रत्नं दधीचीपासून झाली हेही दिलं, आणि पुढे शांतपणे तिसरं नोंदवलं की काहींच्या मते ही विविधता जमिनीच्या स्वभावानेच येते. या तिसऱ्यांचा मी भक्त आहे. कारण माणिक आणि नीलम हे मुळात एकच खनिज, कुरुंद. त्यात क्रोमियमचा अंश पडला की लाल, लोह आणि टायटॅनियम पडलं की निळं. आपल्याकडे माणिक सूर्याचं आणि नीलम शनीचा, आणि दोन्ही एका हातात घालू नयेत म्हणतात, कारण बापलेकांचं पटत नाही. बापलेक आहेत, हे तरी बरोबर हेरलं होतं. गावात एकाने साडेसातीला नीलमाची अंगठी केली. लाभला तर राजा, नाही तर भिकारी, असं त्याला बजावलं होतं. मला आपलं 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' आठवलं. तो ना राजा झाला ना भिकारी; सोयाबीनच पेरतोय.

मागच्या दिवाळीत पुण्याचा भाचा आला होता. टेबलावरची गार पाहून त्याने पहिला प्रश्न विचारला, "मामा, याचे किती येतील?" मोबाइलवर शोधूनही पाहिलं आणि आकडा बघून दगड खाली ठेवला. तेवढ्यात लाइट गेली. मी अंगणातून स्फटिकाच्या दोन गारगोट्या आणल्या, दार लावून घेतलं आणि एकमेकींवर जोरात घासल्या. आत, दगडाच्या पोटात, केशरी उजेड हलला. ठिणगी नव्हे, दगडच क्षणभर पेटल्यासारखा दिसतो आणि विझतो. तो गप्प झाला. मग म्हणाला, "जळाल्यासारखा वास येतोय." मी त्याच्या हातात दिल्या. लाइट आल्यावरही त्याने दार उघडू दिलं नाही. बटण बंद करून घासतच बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ते लोक गेले. आईने चहाला दूध घ्यायला पाहिलं, तर पातेल्याचं झाकण बाजूला पडलेलं, वरची आजीची गार गायब, आणि मांजर चुलीजवळ मिशा पुसत बसलेलं.