लायडनमधील एक संध्याकाळ

हॉलंडमधील लायडनला जाणारा प्रवासी काय पाहतो? १५७५ साली स्थापन झालेले विद्यापीठ, गावातून वळणे घेत जाणारे कालवे, आणि घरांच्या भिंतींवर नाना भाषांत रंगवलेल्या कविता. मराठीचा मास्तर असल्याने मीही त्या भिंतींपुढे मान वर करून पुष्कळ वेळ उभा राहिलो. पण ते गाव आठवते ते एका साध्या सभागृहातील कॉफीच्या पेल्यामुळे.

माझी धाकटी बहीण तिथे राहते. "दादा, आज तुला अल्झायमर कॅफेत नेते," ती म्हणाली. मी दचकलो. पुण्याला आमच्या अण्णांना स्मृतिभ्रंश जडलेला. दोन वर्षांपूर्वी नाटक ऐन रंगात आले असता त्यांनी मोठ्याने, "घरी कधी जायचे?" असा घोष लावला. पुढच्या रांगेतील माना वळल्या. त्या रात्रीपासून आम्ही त्यांना कुठे नेले नाही. आणि त्यांच्यापायी आईचे गुरुवारचे भजनही सुटले.

मानसशास्त्रज्ञ बेरे मीसन यांनी सप्टेंबर १९९७ मध्ये याच गावी असा पहिला मेळावा भरवला. या रोगाविषयी नवरा-बायकोही एकमेकांशी बोलत नाहीत, हे त्यांनी पाहिले होते. म्हणून रोगी, त्यांचे आप्त आणि जाणकार यांनी एकत्र बसायचे. बेत ठरलेला असतो: अर्धा तास कॉफी आणि ओळखी, अर्धा तास कुणाची तरी मुलाखत, मग तितकाच वेळ संगीत व पेयपान, पुढे प्रश्नोत्तरे, आणि शेवटी सावकाश पांगापांग.

रोगी कोण आणि सोबती कोण, हे मला ओळखता येईना. इतक्यात मुलाखत चालू असताना एका वृद्धाने विचारले, "गाडी किती वाजता?" बहिणीने मला अर्थ सांगितला. बोलणारे गृहस्थ थांबले, "अजून वेळ आहे, कॉफी घ्या," म्हणाले आणि पुढे बोलू लागले. एकही मान वळली नाही. त्या वृद्धाच्या पत्नीने कुणाची क्षमा मागितली नाही. नाटकगृहात आमच्या आईने किती जणांची मागितली होती!

परत आल्यावर मी भजनी मंडळातील बायकांना भेटलो आणि अण्णांचे दुखणे प्रथमच नाव घेऊन सांगितले. एवढे दिवस आम्ही 'बरे नसते' म्हणत होतो. त्यांनी दाराजवळ एक खुर्ची ठेवली, चहा शेवटी असे तो आधी केला, आणि अण्णांच्या हाती टाळ दिले.

पहिल्याच गुरुवारी अण्णांनी तीनदा विचारले, "घरी कधी जायचे?" "एवढा अभंग झाला की," पेटीवाल्या काकू दर वेळी म्हणाल्या.

आईने एकदाही मागे वळून पाहिले नाही. ती डोळे मिटून गात होती.